वैतरणेत होडी घालायची म्हणजे

जुलैमध्ये मोडकसागर भरून वाहायला लागला की आमच्या मुलुंडच्या ऑफिसात ती बातमी दहावीच्या निकालासारखी पसरते. कुणीतरी मोबाइल उंच धरून उसळत्या पाण्याचा व्हिडिओ दाखवतं, कुणीतरी "चला, पाणीकपात टळली" म्हणतं आणि सगळे पुन्हा आपापल्या स्क्रीनकडे वळतात. मी मात्र त्या व्हिडिओत काठावरची झाडं बघत बसते. त्या पाण्याच्या वरच्या अंगाला, मोखाडा तालुक्यात, माझं आजोळ आहे. मुंबईला जे टक्के असतात ते मला घरचे निरोप वाटतात. मध्य वैतरणा नव्वद टक्के म्हणजे मामाची आवणी उरकली आहे, घरातल्या सगळ्यांच्या पायांना चिखल्या झाल्या आहेत आणि आजी चुलीजवळ बसून पावसाला शिव्या देते आहे.

गेल्या जुलैत असाच व्हिडिओ फिरला आणि शेजारच्या डेस्कवरची मैत्रीण म्हणाली, "अगं, तुझ्या गावाला एवढी तळी आहेत आणि तू आम्हाला कधी नेलं नाहीस?"

"तळी नाहीत, धरणं आहेत."

"तेच ते. कयाक चालेल ना त्यात?"

खरं तर तिथंच नाही म्हणायला हवं होतं. पण एक सांगते. मी जव्हारला वाढले, बाबा जव्हार डेपोत एसटीचे ड्रायव्हर होते. कॉलेजसाठी ठाण्याला आल्यापासून गावाचं नाव सांगितलं की समोरच्याचा चेहरा एकदम हळवा होतो. १९९२ साली वावर-वांगणीत मुलं दगावली, ती बातमी माझ्या जन्माच्या आधीची. पण आमच्या तालुक्यांची ओळख तिथंच थांबलेली आहे. लोक आमच्याकडे येतात ते ब्लँकेटं वाटायला, सर्व्हे करायला, वारली चित्रांच्या पिशव्या विकत घ्यायला. कुणीतरी पहिल्यांदाच नुसती मजा करायला यायचं म्हणत होतं. मला इतकं बरं वाटलं की मी म्हटलं, "चालेल की. मी प्लॅन करते."

मैत्रिणीचा भाऊ अमेरिकेत फिनिक्सला असतो. त्यानं मित्रांबरोबर लेक पॉवेलवर पाच दिवसांची ट्रिप केली होती आणि तिची एक एक्सेल शीट होती. ती शीट मला पाठवून मैत्रीण म्हणाली, "हीच घे, फक्त नावं बदल."

मी ती शीट रात्री घरी उघडली आणि दोन तास वाचत बसले. ॲरिझोना आणि युटाच्या सीमेवर, अक्षरशः वाळवंटात, कोलोराडो नदीवर ग्लेन कॅनियन धरण आहे. १९६३ साली त्यात पाणी साठवायला सुरुवात झाली आणि तांबड्या खडकांच्या दऱ्यांमध्ये हे तळं पसरलं. शीटमधला एक रकाना नुसता पाण्याच्या पातळीचा होता. तळं काठोकाठ भरलं की समुद्रसपाटीपासून ३,७०० फूट. २०२३च्या सुरुवातीला ते ३,५२०च्या आसपास उतरलं होतं. पाणी इतकं खाली गेलं की होड्या उतरवायचे काँक्रीटचे उतार हवेत लोंबकळायला लागले आणि त्यातले बरेच बंद करावे लागले. म्हणून भावानं प्रत्येक उतरण्याच्या जागेपुढे लिहून ठेवलं होतं, किती फुटांपर्यंत ही जागा चालते. पिण्याचं पाणी माणशी रोज चार लिटर. दुपारच्या वाऱ्याची वेळ. होडी तळ्यातून काढल्यावर धुऊन, रिकामी करून, वाळवायची, कारण तिथं एक परदेशी शिंपला घुसलाय आणि तो होड्यांना चिकटून दुसऱ्या पाण्यात जातो. शेवटचा रकाना होता, "काही झालं तर."

ज्याच्या नावानं ते तळं आहे त्या जॉन वेस्ली पॉवेलची गोष्टही मी त्याच रात्री वाचून काढली. युद्धात एक हात गमावलेला माणूस १८६९ साली चार होड्या आणि नऊ माणसं घेऊन त्या नदीत शिरला. त्याच्याकडे नकाशा नव्हता, कारण नकाशा करायलाच तो चालला होता. एक होडी फुटली, धान्य भिजलं. शेवटी तिघे जण कंटाळून दरी चढून वर गेले ते परत कुणाला दिसले नाहीत. उरलेले दोनच दिवसांनी सुखरूप बाहेर पडले. या गोष्टीत नियोजनाचा धडा नेमका कुठला घ्यायचा ते मला अजून कळलेलं नाही.

मग मी वरची नावं खोडली आणि आमची घातली. लेक पॉवेलच्या जागी मध्य वैतरणा. कोलोराडोच्या जागी वैतरणा. आणि पहिल्याच रकान्यात अडकले.

पातळी. मुंबईला पाणी देणाऱ्या तलावांच्या पातळ्या रोज जाहीर होतात, त्यामुळे आकडे हाताशी होते. ऊर्ध्व वैतरणा भरतं ६०३.५१ मीटरला. मध्य वैतरणा २८५ला. मोडकसागर १६३.१५ला. हे आकडे मी वर्षानुवर्षं वाचत आलेय, पण एकाखाली एक लिहून वजाबाकी कधी केली नव्हती. वरच्या धरणापासून मधल्यापर्यंत नदी ३१८ मीटर उतरते. तिथून मोडकसागरपर्यंत आणखी १२२. म्हणजे मैत्रिणीच्या मनात जी ट्रिप होती, वरून होडी सोडायची आणि गप्पा मारत खाली यायचं, ती ट्रिप घाटावरून फेकलेल्या नारळाची होती. त्र्यंबकजवळच्या डोंगरात उगम पावणाऱ्या दोन नद्यांपैकी गोदावरी पूर्वेला वळते आणि निवांत १,४६५ किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला मिळते. वैतरणेला तेवढा धीर नाही. ती सरळ कोकणात उडी मारते.

बरं, धरणांच्या मधलं पात्र तरी? तिथं आणखी एक गोष्ट आहे, जी नकाशात दिसत नाही. वरच्या धरणातलं पाणी वीज तयार करून नदीत सोडतात, मधल्या धरणातलं पाणी नदीतूनच मोडकसागरला जातं. म्हणजे नदीला पाणी कधी येणार ते आभाळावर नाही, सोडणाऱ्याच्या वेळापत्रकावर ठरतं. सकाळी घोटाभर असलेलं पात्र दुपारी छातीभर होऊ शकतं. "काही झालं तर" या रकान्यात मी तेव्हाच पतंगशाह कुटीर रुग्णालय, जव्हार, असं लिहिलं आणि मधल्या पात्रावर लाल रंग भरला.

उरली धरणाची तळी. आणि उरला महिना.

महिन्याचं गणित बाहेरच्या माणसाला समजावणं फार अवघड आहे. आमच्याकडे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. फिनिक्सला वर्षभरात पडतो तेवढा आमच्याकडे जुलैत दोन दिवसांत पडलेला मी पाहिलाय. आणि तरीही एप्रिल-मेमध्ये मोखाड्याच्या पाड्यांवर टँकर येतात. उतार तीव्र, मातीचा थर पातळ, खाली काळा कातळ. पाणी येतं आणि थांबत नाही. मैत्रिणीला मी मामाच्या घरामागच्या ओहोळाचे दोन फोटो पाठवले, एक ऑगस्टमधला आणि एक एप्रिलमधला. दुसऱ्या फोटोत मामी वाळूत खड्डा करून झिरपलेलं पाणी वाटीनं हंड्यात भरते आहे. मैत्रिणीनं विचारलं, "ही दुसरी जागा कुठली?" मी म्हटलं, तीच. तिनं उत्तर द्यायला बराच वेळ घेतला आणि मग लिहिलं, "मग आपण ऑगस्टमध्ये जायचं का?"

ऑगस्टमध्ये दरडी कोसळतात, धुक्यात समोरचा बैल दिसत नाही आणि धबधब्याखालच्या डोहांत दर वर्षी शहरातून आलेली मुलं बुडतात. दाभोसाचं नाव ऐकलं असेल तुम्ही. तिथं पाणी खाली पडताना बघायचं असतं, त्यात पडायचं नसतं, हे सांगणारा माणूस प्रत्येक ग्रुपमध्ये एक असतो आणि त्याचं कुणी ऐकत नाही. तेव्हा पावसाळा बाद. सप्टेंबरात गौरी-गणपती आणि वरई-नागलीची राखण. ऑक्टोबरात हळवं भात कापायला येतं. दिवाळीनंतर पंधरा-वीस दिवसांत मळणी उरकते आणि मग मामा-मामी भिवंडीकडे वीटभट्टीवर जातात, ते होळीला चार दिवस येतात आणि पुन्हा पावसाच्या तोंडावर. म्हणजे पाणी असतं तेव्हा माणूस चिखलात, आणि माणूस मोकळा होतो तेव्हा तो गावात नसतो. मामाशिवाय तर ट्रिप होणार नव्हती, कारण पाण्याकडे उतरणाऱ्या वाटा गूगलला ठाऊक नाहीत, मामाला आहेत.

दिवाळी आणि वीटभट्टी यांच्या मधली फट. दोन शनिवार-रविवार. शीटमध्ये ते मी हिरवे केले.

ऑक्टोबरात मी एकटीच पाहणीला गेले. कसाऱ्याला लोकलमधून उतरून खोडाळ्याची जीप धरली. विहीगाव मागे पडतं, रस्ता वळत वळत उतरतो आणि वैतरणेवरच्या पुलावर गाडी आली की खिडकीतून एकदम खोल हिरवं पाणी दिसतं. पलीकडे मोखाडा तालुका. लहानपणापासून ही वाट इतक्या वेळा केलीय की पुलावर मी मोबाइलमधून मान वर काढत नाही. या वेळी काढली. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत नजरेनं होडी वल्हवून पाहिली.

घरी आजी ओट्यावर उडदाच्या शेंगा झोडत होती. मी तिला मोबाइलवर कयाकचा फोटो दाखवला. हवा भरायची, दोन माणसांची, नारिंगी. मैत्रिणीनं बंगळुरूच्या कुणाकडून तरी जुनी विकत घेतली होती.

"ही काय फुगा हाय?"

"होडी आहे, आजी."

"फुगाच हाय तो," आजी म्हणाली आणि शेंगांकडे वळली.

मग रात्री जेवताना, मी न विचारताच, तिनं नदीचा विषय काढला. आजीचं माहेर नदीपलीकडे, शहापूर तालुक्यात. तिचं लग्न झालं तेव्हा धरण नव्हतं. माघापासून पुढे पाणी उतरलं की एका जागी मोठाले धोंडे उघडे पडायचे, त्यांच्यावरून उड्या मारत ती माहेरी जायची. कडेवर माझी आई, डोक्यावर वरईचं गाठोडं. उतारापासून माहेरच्या घरापर्यंत विडी ओढून संपेल एवढं अंतर, असं ती सांगते. आता विडी ओढायला किती वेळ लागतो ते माणसावर अवलंबून आहे. पण मृगाचा पाऊस पडला की धोंडे बुडायचे आणि चार महिने पलीकडचं काही कळायचं नाही.

"माझा बाप श्रावणात गेला," आजी म्हणाली. "मला कळलं नवरात्रात. पाणी उतरल्यावर भाऊ धोंड्यांवरनं आला तवा."

हे मी पहिल्यांदा ऐकत होते. मामाही जेवायचा थांबला, पण त्याला माहीत असावं.

आता ते धोंडे तळ्याच्या तळाशी आहेत. मध्य वैतरणेचं धरण दशकभरापूर्वी झालं, १०२ मीटर उंच, मोखाड्यातल्या कोचाळ्याजवळ. आजीचा उतार त्यानंतर कधीच उघडा पडला नाही. भाऊ गेला, भावजय आहे. आजी पलीकडे शेवटची कधी गेली होती ते कुणाला धड आठवेना. माझी आई म्हणते सहा वर्षं, मामा म्हणतो जास्त.

त्या रात्री पांघरुणात मोबाइलच्या उजेडात मी शीटमध्ये नवी ओळ घातली. उपग्रहाच्या नकाशावर या काठापासून त्या काठापर्यंत रेघ ओढून मोजलं. सहाशे मीटर. सावकाश वल्हवलं तरी पंधरा मिनिटं. पुढे मी, मागे आजी, लाइफ जॅकेट घातलेली. अंगावर काटा आला. मला तो व्हिडिओ दिसायलाच लागला. वैतरणा नाव आठवून तर आणखीनच. माणूस मेल्यावर जी नदी ओलांडायची असते, जिच्यासाठी लोक गोदान करतात, गाईचं शेपूट धरून पलीकडे जायचं असतं, तीच ही, असं लहानपणी शाळेत कुणीतरी सांगितलं होतं. आजी ती जिवंतपणी ओलांडणार, तेही फुग्यात बसून! (या नावाची एक बोटही होती. कच्छच्या मांडवीहून मुंबईला निघालेली 'वैतरणा', लोक तिला 'वीजळी' म्हणत, १८८८च्या नोव्हेंबरात वादळात सापडून शेकडो माणसांसकट नाहीशी झाली. हे मी मैत्रिणीला सांगितलं नाही.)

सकाळी मामाबरोबर काठावर गेले. वाट कारवीतून उतरत जाते, शेवटी घसरड्या मुरमावर बूड टेकून उतरावं लागतं. वाटेतच मला शीटमधला "उतरण्याची जागा" हा रकाना खोडावासा वाटायला लागला. एका चिंचोळ्या पट्ट्यावर उभं राहून मामानं खिशातला नारळ काढला, दगडावर फोडला, अर्धा पाण्यात सोडला.

"कुणाला?"

"आसरांना. तू पाण्याचं काम काढलंस ना?"

मामा पन्नाशीचा आहे. या पाण्याच्या काठावर त्याचं सगळं आयुष्य गेलं. त्याला पोहता येत नाही. पाड्यावर कुणालाच येत नाही. पूर्वी डोहात पोरं डुंबायची ती उन्हाळ्यात, कमरेइतक्या पाण्यात. "ह्याला तळ नाय," तो समोरच्या पाण्याकडे बोट न दाखवता, नुसती हनुवटी हलवून म्हणाला. "नदीला तळ होता."

तेवढ्यात वरून हाक आली. राखणीला असलेला एक तरुण होता, मामाच्या ओळखीतलाच. मी त्याला सगळं खरं सांगितलं. शीटही दाखवली. त्यानं ती माझ्या अपेक्षेपेक्षा नीट वाचली.

"ताई, इथं उतरायचं नाय. पिण्याचं पाणी हाय मुंबईचं. होडी, पोहणं, काय चालत नाय. परवानगी काढायची तर साहेब लोकांकडं अर्ज करा, पण मिळायची नाय."

"एकदाच पलीकडे जायचंय. म्हातारीला घेऊन."

"म्हातारीला घेऊन तर अजिबातच नाय," तो म्हणाला आणि मामा इतक्या जोरात हसला की पाण्यावर आवाज फिरून आला. परत निघताना मी त्याला विचारलं, तुमचं गाव कुठलं. त्यानं एका पाड्याचं नाव सांगितलं. मेमध्ये तिथं टँकर येतो हे मला माहीत होतं. बोलून काय उपयोग, त्याचं काम तो करत होता आणि त्याचं म्हणणं बरोबर होतं. ते पाणी मीसुद्धा पिते. ऑफिसच्या कूलरमधून, रोज, बाटली भरून.

कोलोराडोचंही असंच आहे म्हणे. वाळवंटातून कालवे काढून ते पाणी फिनिक्स, लॉस एंजेलिसपर्यंत जातं आणि नदी स्वतः बहुतेक वर्षी समुद्रापर्यंत पोचतच नाही. पण तिथं निदान तळ्यावर होडी घालू देतात. हां, खालच्या ग्रँड कॅनियनमध्ये स्वतःची होडी घालून उतरायला मात्र सोडत लागावी लागते, आणि २००६ सालापर्यंत नुसती प्रतीक्षायादी होती तेव्हा लोक दहा-दहा वर्षं नंबरची वाट बघायचे. त्या मानानं मला पाच मिनिटांत नकार मिळाला होता.

घरी येऊन मी जरा फुगूनच बसले. आजीनं विचारलं, काय झालं. मग मी तिला सगळंच सांगून टाकलं, ते सहाशे मीटर, लाइफ जॅकेट, ती मागे बसणार होती ते.

आजी माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "होडीत कशाला? गाडीनं ने की. पुलावरनं."

मी काहीतरी बोलले, तो उतार, ते धोंडे, तिथूनच जायला तुला आवडलं नसतं का.

"धोंड्यांवरनं जायची कारण पूल नव्हता," आजी म्हणाली. "मला काय हौस होती?"

मामा ओट्यावर कोयत्याला धार लावत होता. त्यानं मान वर केली नाही, पण धार लावायचं थांबवलं. जीपवाल्याचा नंबर माझ्या मोबाइलमध्ये गेली पाच वर्षं होता. मी त्याच जीपनं येत-जात होते. शीट बनवायला मला तीन महिने लागले होते आणि जीप एका फोनमध्ये ठरली, दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी, जाऊन येऊन आठशे रुपये, थांबायचे वेगळे नाहीत.

होडीची ट्रिपही झाली, तिच्याबद्दलही सांगायला हवं. मामाच्या पाड्याच्या खालच्या बाजूला शेतीसाठी बांधलेला एक लहानसा बंधारा आहे. तिथलं पाणी कुणी पीत नाही, गुरं पितात. सरपंचबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, जॅकेट घालणार असाल तर खेळा, आणि पोरांना पण बसवा. चौघं येणार होते त्यातले दोघंच आले. मैत्रीण आली. सोळा किलोची बॅग आम्ही कसाऱ्याहून एसटीत चढवली. कंडक्टरनं विचारलं, काय आहे यात. मी म्हटलं, होडी. त्यानं माझ्याकडे एकदा बघून लगेजचं तिकीट फाडलं.

बंधाऱ्याचं पाणी जेमतेम दोन क्रिकेटच्या मैदानांएवढं. पंप मारून मारून मैत्रिणीचे हात भरून आले तेव्हा पाड्यावरची पोरं रांग लावून तयार होती. सकाळी नऊपासून अकरापर्यंत आम्ही फेऱ्या मारल्या. एका वेळी एक पोर, जॅकेट घालून, होडीला दोर बांधलेला आणि दोराचं दुसरं टोक मामाच्या मनगटाला. भावाच्या शीटमध्ये रोजचे मैल असा रकाना होता. आमचे किती झाले ते मोजलं नाही, पण पोरं बावीस होती आणि बऱ्याच जणांनी दोनदा नंबर लावला. शेवटी सगळ्यांनी मिळून मामाला बसवला. तो दोन्ही हातांनी कडा घट्ट धरून, डोळे समोर ठेवून, एखादा माणूस दाढी करायला बसतो तसा बसला. मधोमध गेल्यावर त्यानं एक हात सोडला आणि पाण्यात बुडवला. लगेच काढला.

मैत्रिणीनं होडी धुतली, वाळवली, घडी केली. अमेरिकेतला तेवढा एक नियम आम्ही पाळला.

रविवारी सकाळी आजी सहालाच तयार होऊन बसली होती. नवं लुगडं, पिशवीत वरई आणि उडीद. मैत्रीणही बरोबर आली. मामा आला नाही, सोमवारी पहाटे भट्टीचा ट्रक यायचा होता आणि घराची कौलं शाकारायची राहिली होती. जीपमध्ये आजी पुढे बसली, ड्रायव्हरशेजारी, आणि सगळ्या वळणांवर त्याला गाडी हळू घ्यायला सांगत राहिली. पुलावर मी त्याला थांबायला सांगितलं. आम्ही तिघी उतरलो. खाली पाणी गच्च हिरवं, एक बगळा सोडला तर काही हालत नव्हतं. मी मोबाइलमध्ये नकाशा काढून आजीला दाखवायला लागले, उतार इथं असेल बघ, त्या वळणाच्या आत.

आजीनं कठड्यावरून थोडा वेळ पाहिलं.

"इथनं काय दिसत नाय," ती म्हणाली. "चल, ऊन होतंय."

पलीकडच्या गावात जीप पार दारापर्यंत गेली. भावजय ओट्यावरच होती, आजीपेक्षा वाकलेली, डोळ्यांनी अधू. आधी तिला कळलंच नाही कोण आलंय. मग आजीनं जवळ जाऊन तिचा हात स्वतःच्या तोंडावरून फिरवला. दोघी बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. मैत्रीण अंगणातल्या कोंबड्यांकडे बघत होती.

"कशी आलीस?" भावजयीनं विचारलं.

"गाडीनं."

"किती वेळ लागला?"

आजीनं माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळ बघून सांगितलं, पाऊण तास.

"पाऊण तास," आजी तिला म्हणाली, आणि पिशवीतली वरई काढायला खाली बसली.